हिरीचे तीन दाणे

दुसरा ओढा ओलांडला तेव्हा मी थांबले आणि विचारलं, "हिरी, अजून किती?"

ती पुढे होती. डोक्यावर माझी पिशवी, तिच्यावर तिचा हातही नाही. वळून न बघताच म्हणाली, "तुमी सांगा, बाई. जीपमधून उतरलो तवा तुमीच बोललात, पाऊण तासाचं आहे."

"मला भोये सरांनी सांगितलं होतं."

"मंग दोन दाणं," ती म्हणाली आणि हसली.

दोन दाणे म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही. दम लागला होता, म्हणून विचारलंही नाही. घड्याळात बघितलं. सव्वानऊला डांबरी रस्ता सोडला होता, साडेदहा वाजत होते. समोर उभी चढण होती. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या नागलीची बुडखं होती. वर कुठेतरी हिरीचा पाडा होता, तो दिसत नव्हता. मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं आणि चालायला लागले. सकाळी मोखाड्यातून निघताना देवळापाशी जीप हळू झाली, तेव्हा हात जोडून मी एवढंच मागितलं होतं, की माझ्या हातून चूक झाली असेल तर ती मला दिसू दे.

चूक झाली होती. ती कशी झाली ते सांगते.

मी मोखाड्याच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक आहे. रोज कॉलेजात येणं ज्यांना जमत नाही, ते घरी वाचून बी.ए. करतात आणि रविवारी केंद्रावर येतात. आम्ही शिकवतो, शंका सोडवतो, गृहपाठ तपासतो. हिरी तिथे आली ती तीन बायकांना घेऊन. रामी, सरू आणि करिष्मा. चौघी एकाच पाड्याच्या, वांगणीकडच्या डोंगरातल्या. हिरी तिशी उलटलेली, आश्रमशाळेत बारावी झालेली, मग लग्न, मग दोन मुली. फॉर्म भरायच्या खिडकीपाशी कारकुनाने तिचे कागद बघितले आणि म्हणाला, "तुझं सगळं बरोबर आहे, तुझा घेतो. बाकीच्यांच्या कागदात खोट आहे, त्यांनी पुढच्या वर्षी यावं." हिरीने आपले कागद परत ओढून घेतले. म्हणाली, "मंग माजा बी पुढच्या वर्षी घ्या." खिडकीपाशी बसून राहिली. दुपारपर्यंत चौघींचे फॉर्म झाले. मी तेव्हा नुसती बघत होते. ही बाई कशी आहे, हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं.

यंदा वरून सांगणं आलं, की गटाने काम करायचं आणि ते कॉम्प्युटरवर करायचं. मला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. मी मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी बटणं बघून आधी घाबरले, मग सवय झाली. एक पान असतं. गटातल्या सगळ्यांनी आपापल्या फोनवरून त्याच पानावर लिहायचं. कुणी काय लिहिलं, केव्हा लिहिलं, कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. नुसतं उत्तर महत्त्वाचं नाही, आपण विचार कसा करतो याचाही विचार विद्यार्थ्याने करायचा, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. म्हणून मी पानावर तीन चौकोन केले. पहिला, काय ठरवलं. दुसरा, कुठे अडलं. तिसरा, आता काय करणार. विषय दिला, 'आमच्या वस्तीपासून रस्त्यापर्यंत'.

मोखाड्यातल्या गटांनी दुसऱ्या चौकोनात लिहिलं, 'कुठेही अडले नाही.' सहाही गटांनी, अक्षर न अक्षर तेच. हिरीच्या गटाचा दुसरा चौकोन मात्र इतका लांब, की बोटाने सरकवून सरकवून माझं बोट दुखलं. त्यात दाण्यांचं काहीतरी लिहिलेलं. रामी तीन दाणे, सरू तीन दाणे, हिरी एक. मला वाटलं, शेतीचं घुसलंय मध्येच. मी पुढे वाचलं नाही. खाली कॉम्प्युटर एक गोल काढून देतो, त्यात प्रत्येकाचा सहभाग रंगाने दिसतो. हिरीच्या गटाचा गोल एकाच रंगाचा होता. सगळं हिरीने लिहिलेलं. बाकी तिघी शून्य.

मी हिरीला वीसपैकी अठरा दिले. तिघींना शून्य दिलं. आणि यादी फळ्यावर लावली.

रविवारी चौघी आल्या, यादी वाचली. सरूने पदर तोंडाशी धरला. अंतर्गत मार्क नसले तर परीक्षेचा फॉर्म घेत नाहीत आणि फॉर्मची शेवटची तारीख शनिवार होती. सोमवारी सरू नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार होती, ती थेट उन्हाळा संपताना परतणार. वर्ष गेलं म्हणजे गेलंच.

केंद्रप्रमुख भोये सर खोलीत बसले होते. सरही इकडचेच, डोंगरातल्या एका पाड्यावर वाढलेले. हिरी आत शिरली.

"सर, माजं शून्य लिवा."

सर हसले. "अगं, तुला अठरा मिळालेत. पेढे आण पेढे."

"चौघींचं काम आहे. एकीला अठरा आणि तिघींना शून्य कसं?"

"काम कुणी केलं ते कॉम्प्युटर सांगतो. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"खोटं नाय बोलला तो," हिरी म्हणाली. "त्याला दिसलं तेवढं बोलला. बोट माजं होतं, त्याला बोट दिसलं. त्या बोटाला कोण सांगत होतं, ते त्याला कुठून दिसंल?"

"मग चौघींनी आपापल्या फोनवरून का नाही लिहिलं? मॅडमनी सांगितलं होतं ना?"

"रामीचा बटणाचा फोन. सरूचा नवऱ्याकडं. करिष्माच्या फोनची काच गेली. माजा एक आहे."

"असं सगळेच सांगतात."

हिरीने टेबलावर हात ठेवला. जोरात नाही. "मंग बघायला या," ती म्हणाली. सरांकडे नाही, माझ्याकडे बघून. "शून्य तुमी दिलं, बाई. तुमी या."

सर म्हणाले, "मॅडम, कशाला पायपीट? नियमात बसत नाही." मी म्हटलं, "मार्क माझे आहेत, सर." एवढं बोलायला मला केवढा धीर लागला, ते माझं मला माहीत. बुधवारी मी निघाले.

पाड्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. दोन तास दहा मिनिटं. मी रिकाम्या हाताने चाललेली. हिरीच्या ओसरीवर तिचा सासरा सुकऱ्या बसला होता. त्याने मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमीच का त्या शून्यवाल्या बाई?"

"हो, मीच."

"बरं झालं आल्यात. बसा." त्याने घोंगडी झटकून दिली.

सुकऱ्या भगत आहे. कुणी आजारी पडलं की माणसं त्याच्याकडे येतात, तो सुपात तांदूळ टाकून बघतो. सूप भिंतीला टांगलेलं होतं. हिरीने ते काढलं, डब्यातून मूठभर भाताचे दाणे घेतले आणि मला म्हणाली, "चला, रेंजला."

रेंज म्हणजे पाड्याच्या वर, टेपाडावर मोहाचं झाड. तिथे बाकी तिघी आधीच येऊन बसल्या होत्या. हिरीने झाडाच्या बेचक्यात फोन ठेवला, जमिनीपासून चांगला साडेपाच फूट. तिथेच तेवढी दोन रेघा रेंज येते, खाली घेतला की जाते. मग ती एका दगडावर चढून उभी राहिली. बाकी तिघी खाली बसल्या, मध्ये सूप.

मी बघत राहिले. बोट एकीचंच का, ते आता वेगळं विचारायची गरज नव्हती.

"आता गंमत बघा," करिष्मा मला म्हणाली. ती सगळ्यांत लहान, बावीसची. "आमी आधी दाणं ठेवतो. मंग बोलतो."

रीत अशी. प्रश्न वाचायचा. उत्तर सांगायचं नाही. आधी प्रत्येकीने सुपात आपल्या बाजूला दाणे ठेवायचे. स्वतः बघितलेलं, केलेलं असेल तर तीन. कुणी सांगितलेलं किंवा पुस्तकात वाचलेलं, तर दोन. नुसतं वाटतं, तर एक. माहीत नसेल तर जागा रिकामी. मग सगळ्यांनी सुपात बघायचं. जिची जागा रिकामी, तिने आधी बोलायचं.

"रिकामीने आधी का?" मी विचारलं.

"नायतर ती गप बसंल," रामी म्हणाली. "मी बसायची. तीनवाली बोलली का आपण मान हलवायची, हां हां. शाळेत सगळं आयुष्य मान हलवली."

"आणि सगळ्यांचे तीन-तीन असले तर?"

चौघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. सरूसुद्धा.

"तितंच तर फसलो," हिरी दगडावरून म्हणाली. "तुमचा प्रश्न होता ना, रस्त्यापर्यंत किती वेळ लागतो. चौघींचं तीन-तीन दाणं. जलमभर चालतोय, पक्कं कसं नसंल? एक तास. लिवून टाकलं. मंग मला वाटलं, एक तास हे आपल्याला बोललं कोण?"

"माजा नवरा बोलतो," सरू म्हणाली. "तो पळत जातो, मेला."

"गाडीवाला बोलतो," करिष्मा म्हणाली.

"घड्याळ कुणीच नव्हतं बघितलं," हिरी म्हणाली. "पाय आमचं, आणि वेळ दुसऱ्याची. मंग मी माजं दोन दाणं काढून घेतलं. ह्या माज्याशी भांडल्या."

"भांडणारच की! मला बोलली, तुला तुजी वाट माहीत नाय," रामी म्हणाली.

मग त्यांनी आठ दिवस वेळ मोजली. रिकामं जाताना, सरपणाचा भारा घेऊन येताना, मूल कडेवर घेऊन. पोटुशी बाई सोबत असली तर किती, हेही. करिष्माची जाऊ सात महिन्यांची होती, ती रेशनला निघाली तेव्हा करिष्मा तिच्याबरोबर घड्याळ बघत चालत गेली. उतरताना दोन तास, चढताना तीनला दहा कमी. सुकऱ्यालाही विचारलं होतं. तो आधी रागावला, माझं सूप फोनला कशाला म्हणून. मग म्हणाला, मला पण विचारा. विचारलं तर त्याने जागा रिकामी ठेवली. "मी घाईत कधी गेलोच नाय," म्हणाला, "मला काय माहीत?"

हे सगळं दुसऱ्या चौकोनात लिहिलेलं होतं. मी हिरीला विचारलं, फोन बघू का. दगडावर चढले, बेचक्यात फोन तसाच ठेवून पहिल्या ओळीपासून वाचलं. 'रामी म्हणते तीन दाणे. सरू तीन. मी एक. रामी चिडली. उद्या मोजणार.' 'सरू म्हणाली, वेळ आणि थकवा वेगळा लिहावा. बरोबर आहे. आधी सुचलं नाही.' तिघींची नावं जागोजागी होती. कॉम्प्युटरने तीही ठेवली होती जपून. मी गोल बघितला आणि अक्षरं सोडली.

दगडावर उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसलं. खाली सरू भाताचे दाणे वेचत होती. एक एक वेचून कपाळाला लावून परत डब्यात. धान्याची देवी कणसरी, तिचं हे धान्य; अभ्यासाला घेतलं म्हणून काय झालं, जमिनीवर ठेवायचं नाही.

शनिवारी चौघी केंद्रावर आल्या. हिरीच्या हातात दाण्यांचा डबा आणि काखेत साडीच्या धडप्यात गुंडाळलेलं सूप होतं. तिने ते कॉम्प्युटरच्या खोलीत टेबलावर ठेवलं, तशी भोये सर खुर्चीवरून उठले.

"हे काय? मॅडम, हे तुम्ही चालवून घेता? ह्या भगताच्या सुपातून बाहेर पडायला मला बारा वर्षं लागली. माझा भाऊ गेला तापाने, तांदूळ बघण्यात दिवस गेले म्हणून. आणि ह्या ते कॉम्प्युटरशेजारी आणून ठेवतात!"

मला वाटलं, संपलं सगळं.

हिरी म्हणाली, "सर, भावाचं वाईट झालं. पर त्या सुपात बघणारा बोलायचा, मला सगळं कळतं. ह्या सुपात आमी बघतो, आमाला काय काय कळत नाय ते. सूप तेच आहे. तुमी सुपाचा राग धरू नका."

सरांनी खुर्ची मागे ओढली. मग बसले. "एकेकीला विचारीन," म्हणाले. "बाकीच्या बाहेर. एकमेकींना बघून सांगायचं नाही."

"विचारा," रामी म्हणाली आणि तिने पहिली खुर्ची ओढली.

सरांनी पुस्तक उघडलं. स्थलांतराचे प्रकार विचारले. रामीने दोन दाणे ठेवले, तीन प्रकार सांगितले, चौथा अडला. लोकसंख्येची व्याख्या विचारली. रामीने हात मांडीवर ठेवला.

"दाणा नाय ठेवत. येत नाय."

"येत नाही म्हणून सांगायला एवढ्या लांबून आलीस?"

"हो," रामी म्हणाली. "काय येत नाय, ते येतं मला. त्या यादीत शून्य होतं ना, ते माज्या न येण्याचं नव्हतं. ते तुमच्या न बघण्याचं होतं."

मी खिडकीबाहेर बघितलं.

करिष्माने भराभर सांगितलं. सरूची दोन उत्तरं चुकली, दोन्हींवर तिने तीन-तीन दाणे ठेवले होते. तिचं तिलाच कळलं, जिभेचं टोक दाताखाली धरून तिने दोन दाणे उचलून घेतले. पण भट्टीवरचा दिवस कसा असतो, किती वाजता सुरू होतो, पाणी कुठून आणतात, मुलं कुठे बसतात, हे विचारल्यावर तिने तीन दाणे ठेवले आणि सर लिहायचं विसरून ऐकत राहिले.

शेवटी हिरी आत आली. सर विचारायच्या आधी तिने सूप त्यांच्याकडे सरकवलं.

"एक प्रश्न मी विचारते, सर. आमच्या पाड्यापासून रस्ता किती?"

सरांनी सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. हिरीने सुपाकडे बोट दाखवलं. सरांनी चिमटीत दाणे घेतले, तीन ठेवले. "तीन किलोमीटर. पाऊण तास. दप्तरात नोंद आहे."

हिरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, मी चालले बुधवारी. दोन तास दहा मिनिटं. रिकाम्या हातांनी."

सरांनी सुपात बघितलं. एक दाणा उचलला. दोन राहिले. उचललेला दाणा बोटातून निसटून कॉम्प्युटरच्या बटणांवर पडला, तसा त्यांनी तो पटकन वेचला आणि कपाळाला लावला. लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आम्हा दोघींकडे न बघता त्यांनी दाणा डब्यात टाकला.

"मॅडम," ते म्हणाले, "मार्क तुमचे. तुम्ही सुधारून द्या, मी सही करतो. तीन वाजता खिडकी बंद होईल."

अडीच वाजले होते. मी मार्कांचा कागद पुढे घेतला. रामीच्या शून्यावर काट मारली, करिष्माच्या, सरूच्या. सरू दारात उभी होती, फॉर्म हातात, भरलेला, फक्त हा एक रकाना रिकामा. मी देवीचं नाव घेतलं आणि चौघींना अठरा लिहायला पेन टेकवलं.

"थांबा, बाई," हिरी म्हणाली.

"आता काय?"

"अठरा कसं?"

"तुला अठरा दिले होते ना? चौघींचं काम एक. मग चौघींना अठरा."

"मला अठरा दिलं तवा तुमी वाचलं होतं?"

खोटं बोलायची सोय नव्हती. सूप समोरच होतं. "नाही," मी म्हटलं. "वरचं वाचलं. मधलं नाही."

"मंग ते अठरा बी शून्यासारखंच की."

"हिरी, वेळ नाही. बुधवारी झाडाखाली सगळं वाचलंय मी. आता काय हवंय तुला?"

ती टेबलाशी आली. कागदावरच्या मार्कांच्या रकान्याशेजारी थोडी कोरी जागा होती, तिथे तिने बोट ठेवलं. तेच बोट, जे कॉम्प्युटरला दिसलं होतं.

"अठरा लिवा, नायतर बारा लिवा. आमी भांडणार नाय. पर इथं शेजारी तुमचं दाणं लिवा, बाई. तुमी स्वतः बघून दिलं का कुणी सांगितलं म्हणून दिलं. आमच्याच नाय, आजपासनं सगळ्यांच्या मार्काशेजारी लिवा. आमाला कळू द्या, तुमाला किती पक्कं माहीत आहे."